बटण बंद केल्याचा आळ

माय, आज दुपारी मी नव्या राऊटरमध्ये परत तेच केलं. कंपनीचं सॉफ्टवेअर काढलं आणि बाहेरचं, चार हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यात चढवलं. ते चढत असताना पाच मिनिटं काही करायचं नसतं. हात मांडीवर ठेवायचे आणि दिव्यांकडं बघत बसायचं. मला तसं बसता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कुकरची वाफ जायच्या आत झाकण ओढणारी मी. तू म्हणायचीस, ही पोरगी सातव्या महिन्यात यायची, कशीबशी नववा धरला. पण आज बसले. भिंतीवरच्या बटणाकडं पाठ करून बसले, आणि तू गेल्याला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा तुला काही लिहावंसं वाटलं.

आबा गेले आणि तू माझ्याकडं राहायला आलीस. तुला मुलगा नाही, तुझे दीर गावाकडं अमळनेरला, त्यांचं त्यांनाच पुरेना, मग सुरतेला उधन्यातल्या आमच्या दोन खोल्यांशिवाय तू जाणार कुठं? पण तुझ्या लेखी ते लेकीचं घर नव्हतंच, जावयाचं होतं. ज्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं तुझ्या आईनं तुला शिकवलं होतं, त्या घरात तुला रोज दोन वेळा जेवावं लागत होतं. म्हणून तू सगळ्यांच्या आधी उठायचीस आणि सगळ्यांच्या नंतर ताटावर बसायचीस. हे कधी एका शब्दानं बोलले नाहीत तुला, उलट बाजारातून येताना तुझ्यासाठी शेव घेऊन यायचे. तरी ते घरात आले की तू पदर सावरून भिंतीला टेकून उभी राहायचीस. मला त्याचा राग यायचा. बस ना गं जरा मोकळी, असं मी खेकसायची, आणि तू आणखीच आवरून घ्यायचीस.

माझं काम तेव्हा नुकतंच बसत होतं. साडीवरच्या भरतकामाची डिझाइनं मी घरी कॉम्प्युटरवर तयार करायची आणि फाइल कतारगामच्या कारखान्यात नेटवरून पाठवायची. तिथं मशीन त्या फाइलवर चालायचं. पण आमचं राऊटर होतं सेकंडहँड, दर दहा मिनिटांनी मान टाकायचं. तुला वाटलं त्याला धूळ लागते. लूमच्या खात्यात, मागांच्या त्या कारखान्यात, तुझी सगळी उमर गेली, सुताची धूळ मोटारीचं काय करते ते तू पाहिलं होतंस. तू कोऱ्या कापडाच्या तुकड्याची एक टोपी शिवलीस, वारा जायला तिला भोकं ठेवलीस, भोकांना काठाकाठानं टाके घातलेस आणि राऊटरला घातलीस. मी हसले. अगं, त्याला काय थंडी वाजते का? तूही हसलीस. पण टोपी काढली नाहीस, आणि मीही काढली नाही.

खात्यातली ती गोष्ट तू मला किती वेळा सांगितली असशील. तू बॉबिन भरायला बसायचीस. शेजारच्या बाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला. बाई ओढली जाऊ लागली, बाकीच्या सगळ्या किंचाळत तिच्याकडं धावल्या, तिला धरून ओढू लागल्या. तू एकटी उलट्या दिशेनं पळालीस, भिंतीकडं, आणि मेनचा खटका खाली पाडलास. सगळं खातं एकदम गप्प झालं. ती बाई वाचली. गळ्याला वळ उठला तेवढाच. शेठनं आधी तुला शिव्या घातल्या, सगळे लूम बंद पडले म्हणून, आणि मग काय झालं ते कळल्यावर पेढे आणवले. त्या दिवसापासून आबांनी आणि तू आपल्या घरात नियमच केला होता. मिक्सर वेगळा आवाज करू लागला, इस्त्रीला वास आला, टीव्हीवर मुंग्या आल्या, काही असो. "पहिले बटन बंद, मंग बोलनं." मी पाच वर्षांची असताना मला पाढे येत नव्हते, पण हे येत होतं.

तर तो दिवस. कंपनीनं जुन्या राऊटरकडं बघणं सोडून दिलं होतं आणि बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं तर त्याला नवा जीव येतो असं मी नेटवर वाचलं. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत एक मोठं डिझाइन कारखान्यात जायचं होतं. शहाण्या माणसानं त्या दिवशी त्याला हात लावला नसता. मी लावला. फाइल उतरवली, राऊटरमध्ये चढवली, पडद्यावर टक्के पळताना बघत राहिले. शंभर झाले. आता राऊटर बंद होऊन आपोआप चालू होईल, वीज घालवू नका, असं लिहून आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि मी धावले. तू माझ्या पोरीची वेणी घालत राऊटरपाशीच बसली होतीस. तुला काहीच सांगितलं नाही मी. परत आले तर राऊटर मेलेलं, आणि तू बटणापाशी उभी, पोरीला एका हातानं मागं सारून.

मी बटण चालू केलं. एकच दिवा लुकलुकायला लागला, बाकी सगळे विझलेले. घरातलं नेट गेलं ते गेलंच. आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. हे जेवायला बसले होते, पोरगी बघत होती, दार उघडं होतं, शेजारच्या गुजराती काकी ओट्यावर भाजी निवडत होत्या. मी कशाचीही पर्वा केली नाही. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण आठवतं. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? हे तुझं लूमचं खातं आहे का? दुसऱ्याच्या घरात राहायचं तर हात आवरून राहावं माणसानं." दुसऱ्याच्या घरात. माय, हे मी म्हटलं. ह्यांनी हातातला घास तसाच ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

तू एवढंच बोललीस, "सगळा दिवा एकदम लुकलुक करी ऱ्हायंतात, पोरी. माले वाटनं जळी जाई." मग जावयाकडं न बघता आत गेलीस. कतारगामहून फोन येत राहिले, बेन, फाइल क्यां छे, बेन, मशीन खाली ऊभुं छे, म्हणजे फाइल कुठंय, मशीन रिकामं उभं आहे. शेवटी ह्यांनी फाइल पेनड्राइव्हमध्ये घातली आणि बाइकवरून नेऊन दिली. काम काही बुडालं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मी एवढी बोंबलले ते तासाभरात निस्तरलंही होतं.

पुढचे तीन दिवस मी त्या डबड्यामागं लागले. राऊटर आणि कॉम्प्युटर वायरनं जोडले, कॉम्प्युटरला नेटवर्कचा पत्ता हातानं टाकून दिला, टाचणीनं मागचं छोटं बटण तीस तीस सेकंद दाबून धरलं. तुझी टोपी काढून फेकली, न जाणो तिच्यानं तापलं असेल. काही उपयोग नाही. नेटवर ज्या ठिकाणी लोक अशा अडचणी लिहितात तिथं मी पण फोनवरून लिहिलं की चढवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसानं वीज बंद केली, आता काय करू? तिसऱ्या दिवशी कुणीतरी उत्तर दिलं. ते वीज-बिज राहू द्या, आधी राऊटर उलटं करून खालच्या चिकटपट्टीवर कितवी आवृत्ती लिहिली आहे ते बघा. मी उलटं केलं. तिसरी. मी उतरवलेली फाइल होती दुसरीची. त्यानं लिहिलं, मीही हीच चूक केली होती, हाच एक दिवा लुकलुकत होता, माझ्याकडं तर कुणी बटणाला हातही लावला नव्हता. मला त्या शंभर टक्क्यांची आठवण झाली. मी उठून गेले तेव्हा चढवायचं काम संपलं होतं. तू बटण बंद केलं असतंस किंवा नसतंस, राऊटर त्याच क्षणी मेलेलं होतं. मी मारलेलं. सगळे दिवे एकदम लुकलुकत होते ते त्यामुळंच, आणि काहीतरी बिघडलंय हे घरात एकट्या तुला बरोबर कळलं होतं.

कंपनीची मूळ फाइल शोधून, ती आडवाटेनं आत घालून मी राऊटर उठवलं. चारही दिवे लागले. तू दारात उभी होतीस. "चालू व्हयनं का?" तू विचारलंस. मी म्हटलं, झालं, नशीब समज. नशीब समज! चोर तो चोर, वर शिरजोर. तू राऊटरला हात जोडलेस. देवाला जोडतात तसे, दोन्ही हात कपाळाला लावून. मी बघत होते, आणि फाइल चुकीची होती हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. ह्यांच्यासमोर चूक कबूल करायची लाज वाटली, दुसरं काही नाही. उद्या सांगू म्हटलं.

त्यानंतर तू घरातल्या कुठल्याही बटणाला हात लावला नाहीस. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग वैशाखात एकदा दुपारी बाहेरून आले तर तू बिनपंख्याची बसलेली, पोलकं घामानं चिंब, हातात पुठ्ठा. सुरतेचा तो उकाडा, पत्र्याखालची खोली. मी म्हटलं, पंखा का नाही लावला? तू म्हणालीस, लावशील ना तू आता. मला वाटलं रुसलीस. मला राग आला, खरंच सांगते, मला तुझाच राग आला. असं किती दिवस करणार आहेस, असं मी विचारलं आणि पंखा लावला. संध्याकाळी काळोख झाला तरी तू पोरगी शाळेतून यायची वाट बघायचीस दिवा लावायला. पोरगी विचारायची, आजी, तू का नाही लावत? तू तिला म्हणायचीस, "मन्हा हातले अक्कल नही, बेटा." ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं आहे. एकदा नाही, कितीदा. ज्या हातानं बाई वाचवली त्या हाताला तू हे म्हणत होतीस, आणि मी पोळ्या लाटत होते.

दीड वर्ष तू अशी राहिलीस. दीड वर्षात एकदाही मला वेळ मिळाला नाही असं तर नाही ना. तुझे पाय चेपताना, तुझ्या डोक्याला तेल लावताना, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघताना, किती वेळा तोंडापर्यंत आलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता एवढ्या दिवसांनी सांगितलं तर ही विचारेल, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तू विचारलं नसतंस. तू म्हणाली असतीस, जाऊ दे, तुझं काम झालं ना. त्याचीच भीती वाटली असेल मला. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नर्सनं तुझ्या हाताशी घंटीचं बटण ठेवलं होतं. काही लागलं तर दाबा म्हणाली. तू ते एकदाही दाबलं नाहीस. पहाटे तुला श्वास पुरेना झाला तेव्हाही नाही. मी खाली चहाला गेले होते. डॉक्टर म्हणाले, दाबलं असतं तरी फरक पडला नसता. तेही मी मानून घेतलं.

तुझ्या माघारी ती गोष्ट आमच्या घरात हसायची गोष्ट झाली आहे. नेट गेलं की कुणीतरी म्हणतंच, आजीनं बटण बंद केलं बहुतेक. पाहुणे आले की पोरगी म्हणते, मम्मी, आजीची राऊटरची गोष्ट सांग ना, तू मस्त सांगतेस. आणि मी सांगते, माय. तुझा आवाज काढून सांगते. सगळा दिवा एकदम लुकलुक करी ऱ्हायंतात. लोक पोट धरून हसतात. सांगता सांगता मी कधीच फाइलपर्यंत येत नाही. मागच्या रविवारी नणंदेकडचे आले होते, त्यांनाही सांगितली. फक्त हे हसत नाहीत, उठून गॅलरीत जातात.

आज नवं राऊटर पाच मिनिटांत चालू झालं. चिकटपट्टी मी तीनदा वाचली होती. पोरगी आता कॉलेजात आहे, तिनं फोन बघितला आणि म्हणाली, वा, या वेळी पहिल्याच फटक्यात? मी म्हटलं, या वेळी आजी नव्हती ना. ती हसली. मीही हसले. मग इथं येऊन हा कागद घेतला.

ती पलीकडच्याच खोलीत आहे. तिला हे सांगायला पत्र लागत नाही, उठून दहा पावलं गेलं की झालं. तरी मी तुलाच लिहीत बसले आहे, कारण ती विचारेल, आणि तू विचारणार नाहीस.