कुंतीला बहर आल्याचं बाबांना

बाबा, कुंतीला फुलं आली. मलकापूरच्या माझ्या घराच्या कुंपणाला, तुम्ही रोपं लावून दिल्यापासून पहिल्यांदाच.

तुम्ही कचेरीच्या बागेत माळी होता. दादाने साखरखेर्ड्याला घर बांधलं त्याच वर्षी तुम्ही आम्हा दोघांसाठी कुंतीची रोपं केलीत. माझी एस.टी.तून आणलीत, डालड्याच्या डब्यांत. दिवसभर उकिडवं बसून चर खणलात आणि वीतभर अंतराने एकेक लावलंत. पुढे दादाच्या कुंपणाला इतका बहर यायचा, की वासाने डोकं दुखतं म्हणून वहिनी कुरकुरायची. माझं कुंपण घट्ट, हिरवंगार, आणि फूल एकही नाही. मी ठरवून टाकलं : चांगली रोपं मुलाला दिली, उरलेली मुलीला. तुमच्या तेराव्याला वहिनीजवळ तसं बोलूनही दाखवलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "आजच्या दिवस तरी राहू द्या, ताई."

यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार महिने अंगणात पाऊल नाही. परवा धुणंभांडी करणारी बाई आत येऊन म्हणते, "बाई, कुपाटी पांढरीफक झाली, उठून पाहा नं." काठी टेकत कुंपणापर्यंत गेले. फांद्या वाटेल तशा वाढलेल्या आणि प्रत्येक शेंड्याला फुलांचा घोस. मी लगेच दादाला फोन लावला. "तू कुंपण किती दिवसांनी कापतोस रे?"

"कापतो? कैची कुठं हाय आपल्या घरी?"

तो पहिल्यापासून आळशी. मी मात्र दर दुसऱ्या रविवारी दोरी बांधून, शेंडे एका रेषेत छाटत आले. कळ्या शेंड्यांवरच धरतात. त्या मीच कापून टाकत होते. रोपं सारखीच होती, बाबा. तिथेच पायरीवर बसले. किती हलकं वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

वहिनीला फोन करून माझे शब्द परत घेतले. ती म्हणाली, "कोणती रोपं, ताई?" ती केव्हाच विसरली होती.

एक गोष्ट तिलाही सांगितली नाही. तुम्ही शेवटचे आलात, तेव्हा मी कुंपण छाटत होते. तुम्ही फाटकाशी उभे राहून पाहिलंत. "काऊन वं माय इतकं कापतं? चार महिने याले कैची लावू नको."

मी म्हणाले, "बाबा, समोर माझी शाळा आहे. मुख्याध्यापिकेचं कुंपण झिपरं दिसून चालत नाही. आणि हे कचेरीचं आवार नाही."

तुम्ही चप्पल काढलीत आणि आत जाऊन पाणी प्यालात. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुमचं बोलणं मला तेव्हाच पटलं होतं. माळ्याचं ऐकायचं नव्हतं, इतकंच.