आखाजीचे झोके आणि माझा ब्रँड

४ एप्रिल, सकाळी
ठरलं. झोके विणायचे. पाचवीत दोरीचा झोका विणून शाळेच्या प्रदर्शनात पहिला आलो होतो. ती कला पतसंस्थेच्या क्लार्कीत वाया गेली. आता आखाजी, म्हणजे आमची खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आहे. घरोघर लेकी माहेरी येणार, निंबाला झोके टांगणार. मार्केट तयार, फक्त माल नाही. ब्रँडचं नाव 'नवनीत स्विंग्स'. बायकोला सांगितलं. स्वप्नाली म्हणाली, "पहिले एक तरी करी दखाडा." या घरात व्हिजन फक्त मला आहे.

६ एप्रिल
पहिला झोका विणला. बसायच्या आधीच सुटला. दोष दोरीचा. हल्लीची नायलॉन दोरी फार बुळबुळीत.

७ एप्रिल
दुसरा सुटला नाही, पण त्याला गाठोडं म्हणावं लागेल. बोटं दुखतात. खरा मालक हाताने काम करतच नाही, मॅनेज करतो. तेव्हा दगूताईची आठवण झाली. माझी मोठी बहीण, खापरला दिलेली. लहानपणी मी डिझाइन सांगायचो, ती गाठी मारायची. म्हणजे हेल्परच.

९ एप्रिल
ताईला घेऊन आलो. आई-बाबा गेल्यापासून आखाजीला तिला आणायला कुणी गेलं नव्हतं. दरवर्षी मार्च एंडिंगचा थकवा असायचा. मला दारात बघून रडायलाच लागली. साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "मन्हा भाऊ मुराळी वना!" वाटेत दोरीची बंडलं घेतली. हे कशाला, म्हणाली. म्हटलं, सरप्राइज.

१३ एप्रिल
ताई पहाटेपासून विणते. माल एक नंबर. रनाळ्यातून ऑर्डरी, नंदुरबारहून ऑर्डरी. लेबलवर 'नवनीत यांच्या हातचे' छापलं. खोटं नाही, गाडीत मीच ठेवतो.
स्वप्नाली भांडली. म्हणे, ताई माहेरपणाला आल्यात की मजुरीला? आता हिला काय सांगू. बसून बसून माणूस आजारी पडतं.

१९ एप्रिल
ताईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. एका झोक्याला रक्ताचा डाग लागला. गिऱ्हाइकाला 'नॅचरल कलर' सांगून खपवला. याला म्हणतात मार्केटिंग.
ताईने एवढ्या दिवसांत एकच मागितलं. "मन्हासाठे एक झोका निंबले टांगजो, भाऊ." म्हटलं, एक काय, दहा टांगतो!

३० एप्रिल, आखाजी
स्टॉक संपला! तरी दिलेला शब्द पाळला, शेवटचा झोका ताईसाठी निंबाला टांगला. ती नवं लुगडं नेसून बसली, गौराईचं गाणं धरलं. अजून पहिली ओळही संपली नव्हती, तेवढ्यात नंदुरबारचे कापडवाले अन्वरशेठ आले. लेक माहेरी आलीय, आजच झोका पाहिजे. मी म्हटलं, "ताई, जरा ऊठ."
अन्वरशेठ "नहीं नहीं, बैठने दो बहन को" करत मागे सरकले. पण धंद्यात भावना आणून चालत नाही. ताई उठली. झोका तिनेच सोडून दिला, गाठ काही मला सुटेना.
दुपारच्या एसटीने ती परत गेली. आमरस-पोळीला हातसुद्धा लावला नाही. उन्हाने भूक मरते.

४ मे
ताई फोन उचलत नाही. चार्जिंग नसेल. स्वप्नाली पण बोलत नाही. तिचं चार्जिंग नेहमीच कमी.

१२ मे, रात्री
लग्नसराईच्या ऑर्डरी पडून आहेत, माल नाही. साडी घेऊन खापरला गेलो. ताईच्या ओसरीत झोकेच झोके टांगलेले. दोन बायका निवडत होत्या. मला वाटलं, चला, आपली ब्रँच निघाली!
त्यातली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "हाऊ तुन्हा भाऊ शे ना वं?"
ताई विणत होती. मान वर न करता म्हणाली, "नही वं माय, गिऱ्हाईक शे."
पाणी दिलं, चहा दिला. साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. त्या बायकांसमोर रडू येत होतं, ते कसंबसं दाबलं. मग काय करावं सुचेना, म्हणून झोक्याचा भाव विचारला.
तिने सांगितला. मी घासाघीस केली नाही.