कर्ता आधी, कांदा नंतर

३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७
मंचरमध्ये शुद्ध इंग्रजी येणारी एकच व्यक्ती आहे. ही वही तिचीच. बँकेतून रिटायर होऊन आठ महिने झाले, आता गाव सुधारायला हवं. पहिली विद्यार्थिनी शेजारची अश्विनी. सोळा तारखेला कांद्याच्या आडतदाराकडे तिचा इंटरव्ह्यू आहे. केरळच्या व्यापाऱ्यांशी फोनवर इंग्रजी बोलायचं. नोकरी हुकली तर सासू, कुशाबाई, तिला पुन्हा उन्हात कांदे निवडायला बसवणार.
संकल्प : तेरा दिवसांत इंग्रजी वाक्याचे पाचही साचे पक्के.

४ फेब्रुवारी
कर्ता, मग क्रियापद. इतकंच सांगितलं. म्हणाली, ‘टू ट्रक कोची गो.’ क्रियापद शेवटी! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी हात सुजवला असता. मी फक्त कपाळावर हात मारला. संयम वाढतोय माझा.

७ फेब्रुवारी
आली नाही. मार्केटात लिलाव होता म्हणे.

९ फेब्रुवारी
अजून दुसराच साचा. कर्म कुठे येतं विचारलं तर म्हणते, ‘बाई, फोनवर आधी भाव सांगावा लागतो. नुसतं ऐकत कोण बसतंय?’ अडाणीपणा. नियम केला : पूर्ण वाक्य मनात जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.
परिणाम उत्तम. तासभर शांतता.

१५ फेब्रुवारी
तीन साचे राहिले. दोष तिचा. कुशाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, ‘लई शिकवलं बाई तुमी. पोरगी बोलायचीच राह्यली.’  व्याकरण त्यांना काय कळणार!

१६ फेब्रुवारी, दुपारी ४
नोकरी मिळाली! आडतदाराने थेट फोनच हातात दिला. पलीकडे कोचीचा व्यापारी, तापलेला. ही आधी गप्पच. मग सगळे नियम सोडून : ‘रेट ट्वेंटी टू. टू ट्रक. टुमारो मॉर्निंग. ओके भाऊ?’ तो म्हणाला, ‘ओके सिस्टर.’
पेढे घेऊन आली होती. तसं श्रेय माझंच. सुरुवातीचं ते गप्प राहणं मीच शिकवलं.

२४ फेब्रुवारी
आता संध्याकाळी सहा बायका तिच्या ओट्यावर इंग्रजी शिकतात. माझ्याकडे कोणी नाही. आज निरीक्षणासाठी गेले, सगळ्यांत मागे बसले. तिने कोचीच्या त्याच व्यापाऱ्याला फोन लावला आणि ‘बोला बाई’ म्हणून माझ्याच हातात दिला. मी नीट, संपूर्ण वाक्याने सुरुवात केली. वाक्य निम्म्यावर असतानाच त्याने फोन ठेवला.
बायका हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं.
अश्विनी म्हणाली, ‘व्हतं असं पहिल्यांदा. उद्या या परत. पुढं बसा.’