माझ्या ताटातलं

नवापूर, रविवार

प्रिय आशू,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. वसतिगृहात जेवणाआधीच्या प्रार्थनेला सगळ्या डोळे मिटायच्या, तेव्हा तू माझ्या ताटातला बटाटा पळवायचीस. मला ते कळायचं आणि आवडायचंही. पण माझ्या ग्रेसीला पळवलंस, ते नाही आवडलं.

जेवण टाळून टाळून लेक काडी झाली होती. डॉक्टरांचे उपचार चालू होते. मी समोर बसून तिचा घास न् घास बघत होते. मग ती शहाद्याला तुझ्याकडे योगवर्गासाठी राहिली आणि तुझा फोन आला, "ताई, आज तिनं खिचडी मागून घेतली गं!"

"देवाची कृपा," मी म्हटलं आणि नंतर भांडी आपटली. भूक लागल्याचं तिनं तुला सांगितलं, मला नाही.

काल ती घरी आली. मी विचारलंच, "मावशीकडे असं काय आहे?"

"तिथे सगळे डोळे मिटून असतात, मम्मी. श्वास घेताना पोट फुगलं तरी कुणी बघत नाही. मग भीती नाही वाटत."

आज दुपारी नागलीची भाकरी वाढून मी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. मध्येच भाकरी मोडल्याचा बारीक आवाज आला. तुझीच भाची! बघायला जीव तुटत होता. मी शेजाऱ्यांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, शेवटी तुझ्यासाठीसुद्धा मागितलं. तिनं खाऊन ताट सरकवल्याचा आवाज आल्यावरच आमेन म्हटलं.

अजून तुझ्यावर जळणारी,
रूथताई