शेल्याआडचं इंजिन

अप्पा, त्या इंजिनात काही दोष नव्हता.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत. बाकीचे ऐकलेलं सांगतात, आणि ऐकलेलं एवढंच की अप्पांना मोटारीतलं फार कळत होतं. गेल्या महिन्यात बेंबळीला भावकीतल्या लग्नाला गेले होते. मांडवाबाहेर नवऱ्या मुलाच्या चुलत्याची नवी पिकअप उभी होती. कंपनीनं यंदा तिचा पुढचा भाग बदलला आहे म्हणे. पंगत उठल्यावर माणसं तिच्याभोवती जमली. एकजण म्हणाला, "तोंड तर झकास केलंय, पर इंजिन टिकंल का?" दुसऱ्यानं बॉनेटवर थाप मारली. "पहिलं माडेल म्हंजी रेडा व्हता रेडा. ह्ये निस्तं नटवं." मग एका म्हाताऱ्यानं तुमची गोष्ट काढली. निजामाच्या राज्यात येडशीच्या चढावर नवी लॉरी कशी उकळली, अप्पा कसे म्हणाले की तोंड बदललेल्या गाडीचा भरवसा धरू नका. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथंच खुर्चीवर बसले होते. त्या गोष्टीत लॉरी आहे, चढ आहे, वाफ आहे, तुम्ही आहात. मी नाही. त्या दिवशी लॉरीत मीही बसले होते हे कोणाला माहीत नाही, कारण तुम्ही ते कधी सांगितलंच नाही.

आपली जुनी लॉरी मला चांगली आठवते. तिचं नाक देवळासमोरच्या दगडासारखं उभं होतं, दिवे दोन बाजूंना वेगळे, खुंट्यांवर ठेवल्यासारखे. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा तुम्ही तिच्या पाठीला कोळशाच्या गॅसचं पिंप बसवून घेतलं. सकाळी निघायचं तर पहाटे उठून कोळसा पेटवायचा, गॅस तयार होईपर्यंत पंखा फिरवत बसायचं, आणि एवढं करून ती बाजाराच्या वेशीपर्यंत जाऊन खोकत उभी राहायची. धाराशिवला जाऊन येण्यात दिवस मोडायचा. ड्रायव्हरचाचा रस्त्यात दोनदा राख काढायचे आणि घरी परत येईपर्यंत त्यांचे फक्त डोळे ओळखू यायचे. तरी तुम्ही तिला कधी वाईट म्हणाला नाहीत. ती बंद पडली की म्हणायचात, "दमली असंल. कोळसा खाऊन पळायचं म्हंजी काय खेळ हाय का?" एवढी समजूत तुमच्याजवळ होती, अप्पा. ती कोणासाठी खर्च करायची हे मात्र तुम्ही ठरवून ठेवलं होतं.

लढाई संपली. जुन्या लॉरीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, चिरली आणि ती सांधणाऱ्यानंही हात जोडले, तेव्हा नाइलाजानं तुम्ही सोलापूरहून नवी आणलीत. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ती दारात आली आणि तिच्याकडे बघतानाच तुमचा चेहरा पडला. दिवे मडगार्डात बुडवलेले. "डोळे गालात गेलेत हिचे," तुम्ही म्हणालात. बॉनेट दोन बाजूंनी पंखासारखं उघडायचं ते आता पुढून वर उचललं जाई. "मगरीवानी जबडा उघडती." इंजिनाला वारा देणारी उभी जाळी जाऊन तिथं खाली, रुंद, आडव्या पट्ट्यांची जाळी आली होती. ती तर तुम्हाला मुळीच आवडली नाही. अंगणात आलेल्या प्रत्येकाला तुम्ही हाताला धरून लॉरीभोवती फिरवलंत आणि तिची नालस्ती केलीत, जशी सोयरिकीला आलेली माणसं मुलीची करतात. "पत्रा कमी क्येला, गोल क्येला, रंग दिला. आन् इंजिन पुढं ढकललं. ह्यो काय सुधार झाला?" चाचांनी हळूच सांगितलं की मालक, नवं इंजिन ताकदीचं आहे, आवाज तर ऐका. तुम्ही आवाज ऐकला नाहीत. तुमचं मत आधीच तयार होतं. फक्त ते खरं ठरायचं राहिलं होतं.

आपल्या घरची एक रीत होती. नवी लक्ष्मी दारात आली की सव्वा महिना तिचं तोंड उघडं ठेवायचं नाही. नवी बैलगाडी आली तेव्हा जोखडाला कापड बांधलं होतं. जुन्या लॉरीला बांधलं तेव्हा तिच्या उंच नाकाचा खालचा तिसरा हिस्सा झाकला गेला, वरून वारा मोकळा जात राहिला. नव्या लॉरीला तुम्ही पत्र्यावर विभूतीचे पट्टे ओढलेत आणि अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, लग्नातला शेला पुढून बांधलात. जाळी खाली आणि रुंद असल्यानं शेला तिच्यावर बरोब्बर बसला. एक पट्टीसुद्धा उघडी राहिली नाही. वरून झेंडूचा हार.

अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. दारातून तिला लॉरी दिसत होती. ती तशी तुमच्यापुढं फार बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली.

"अवो, तिला श्वास तर घिऊ द्या. आमीसुदा चुलीपुढं बसलाव की पदर मागं सारताव."

तुम्ही हसलात. "मोटारीला काय नाक असतंय व्हय?"

"मग तोंड कुठून आलं झाकायला?"

तुम्ही पानाचा डबा मागितलात.

आता मी येते, अप्पा, त्या गोष्टीत जिथं तुम्ही मला ठेवलं नाहीत तिथं. धाराशिवच्या, सरकारी कागदावरच्या उस्मानाबादच्या, शाळेत सगळं उर्दूत होतं. मी घरी मराठीतून अभ्यास केला होता आणि सरहद्दीपलीकडे बार्शीला मॅट्रिकला बसणार होते. आपल्या गावातून मुलगी परीक्षेला जाण्याची ती पहिलीच वेळ. तुम्ही परवानगी दिलीत हे मी विसरलेले नाही. पण आदल्या दिवशी जाऊन मावशीकडे राहू का, असं विचारलं तर म्हणालात, "दारात नवी मोटार उभी आसताना मुक्काम कशाला? सकाळी येडशीला मालच टाकायचाय. तुला गाडीत बशिवतो, दुपारच्या पेपरला पोचतीस." येडशीहून बार्शीला जाणारी छोटी रेल्वे होती. सकाळची गाठली तर पेपर मिळणार, नंतरचीचा उपयोग नव्हता. नव्या लॉरीवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. तिच्याच भरवशावर तुम्ही माझी परीक्षा ठेवलीत. हे मी आजही जुळवू शकत नाही.

सकाळ आहे. मी तुमच्या आणि चाचांच्या मधे बसले आहे, मांडीवर भाकरीचं फडकं. पाठीमागं ज्वारीची पोती. धाराशिवपर्यंत लॉरी पाण्यासारखी धावते. गाव सोडलं, उन्हं वर आली, चढ लागला, आणि चाचांनी आधी वास घेतला, मग उष्णतेच्या काट्याकडे पाहिलं.

"मालक, इसकू हवा नै लगरी. कपडा जरा सरकाऊं क्या?"

"सव्वा म्हैना झाला का?"

"नै हुआ."

"मग?"

अर्ध्या चढावर वाफ फुटली. चाचांनी लॉरी कडेला घेतली, फडक्यानं रेडिएटरचं झाकण धरून फिरवलं आणि मागं उडी मारली. पाणी उसळून शेल्यावर पडलं, विभूती वाहून गेली. चाचा डबा घेऊन खालच्या विहिरीकडे पळाले. मी उतरून पुढं गेले. शेला तापून चरचरत होता. मी गाठीला हात घातला.

"हात लावायचा न्हाय," तुम्ही म्हणालात.

"अप्पा, वारा लागू द्या. लवकर थंड होईल. गाडी चुकेल माझी."

"तुला इंजिनातलं काय कळतंय?"

मी हात काढला. तेव्हाच मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यामुळे मी हे लिहिते आहे, अप्पा. तुम्ही चिडला नव्हता. तुम्हाला काळजीही नव्हती. तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. शिवरात्रीपासून तुम्ही ज्याची वाट बघत होता ते घडलं होतं. एक बैलगाडी मागून आली. खिलारी बैल, गाडीत एक म्हातारी, रिकामी जागा. गाडीवान थांबला. "काय झालं, मालक?" आणि तुम्ही सुरू झालात. दिवे, बॉनेट, जाळी, पुढं ढकललेलं इंजिन. त्यानं दोनदा विचारलं, "पोरीला टेसनाला जायाचंय का? बैलं पळती हायती माजी, बशिवतो आज्जीपाशी." पहिल्यांदा तुम्ही ऐकलं नाहीत. दुसऱ्यांदा म्हणालात, "त्ये ऱ्हाऊ दे, तू ही जाळी बघ." मी गाडीच्या चाकाला हात लावून उभी होते. म्हातारी म्हणाली, "ये गं बाय, चढ." तुमच्या हो म्हणण्याशिवाय मी चढणार नव्हते, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. गाडीवान कंटाळला. "निगतो मालक," म्हणाला आणि बैलांना हाक दिली. चाचा पाणी घेऊन वर आले तेव्हा डोंगराच्या पलीकडून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. लांबलचक, मग बारीक. चाचांनी डबा खाली ठेवला. तुम्ही म्हणालात, "बघितलं? म्या काय सांगत व्हतो?"

तुम्हाला शिट्टी ऐकू आली होती का?

पहिल्याच पेपरला गैरहजर, म्हणजे त्या वर्षीची परीक्षा तिथंच संपली. घरी आल्यावर अव्वानं माझ्याकडे पाहिलं आणि तव्यावरची भाकरी जळू दिली. तुम्ही ओसरीवर बसून लॉरी उकळल्याची हकीकत सांगत होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा आणि नंतर आयुष्यभर. सव्वा महिना झाला, शेला सुटला, आणि ती लॉरी पुढं कित्येक उन्हाळे त्याच चढावरून भरल्या पोत्यांनिशी गेली. पुन्हा एकदाही उकळली नाही. तुम्ही तिच्यातूनच येडशीला जायचात, आणि तिच्यात बसूनच शेजारच्याला सांगायचात की हिच्या इंजिनाचा भरवसा नाही. चाचा समोर बघून चालवायचे. मी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणाले की अप्पा, दोष इंजिनाचा नव्हता, कापडाचा होता. तुम्ही पाहुण्यांकडे वळून म्हणालात, "परीक्षा हुकली म्हनून राग हाय तिला." तुमच्या तोंडून परीक्षेचा उल्लेख झाला तो तेवढाच. तोसुद्धा इंजिनाला दोषी ठेवण्यासाठी.

पुढच्या वर्षी सरहद्दीवर रझाकारांची दहशत होती. बार्शीकडे माणसं जात होती ती जीव घेऊन, परीक्षेला नव्हे. त्यानंतर माझं लग्न झालं, निजाम गेला, मग तुम्ही गेलात. मॅट्रिक मी झाले ती मुलगा शाळेत जायला लागल्यावर. त्यापुढचंही शिकले, मराठीच घेतलं, कॉलेजात शिकवलं. बघा, सगळं झालं की नंतर, असं लोक म्हणतात. लग्नातल्या त्या म्हाताऱ्यानंही म्हटलं असतं. नंतर झालं म्हणून आधीचं भरून येत नाही, अप्पा. उजाडलं की पाठांतर करणारी, स्वतःच्या हातानं लिहायचे दोन टाक घासून ठेवलेली ती मुलगी परीक्षेला गेली नाही. नंतर गेली ती दुसरी बाई होती. तुम्ही इंजिनाला नापास केलंत. चुकीचं केलंत, तरी तुमचा निकाल गावानं मान्य केला आणि आजही मांडवात वाचून दाखवतात. माझा निकाल कोणी लावलाच नाही.

म्हणजे, एकानं लावला. हे अव्वालाही माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात बार्शीच्या मावसबहिणीकडून मी तो हुकलेला मराठीचा पेपर मागवला. तुम्ही माल घेऊन गेला होता, अव्वा शेतात होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, चुलीशेजारी पाट घेतला आणि तीन तास मान वर न करता सगळे प्रश्न सोडवले. मग तांबड्या शाईनं स्वतःच तपासले. पुढं आयुष्यभर मी हजारो पेपर तपासले, आणि माझ्या हातून गुण सुटत नाहीत अशी माझी ख्याती होती. त्या पहिल्या पेपरात निबंध गावच्या बाजारावर होता. तो बराच मोठा झाला होता, शेवट जमला नव्हता, दोन ठिकाणी व्याकरण चुकलं होतं. मी त्याला पैकीच्या पैकी दिले.