एका शनिवारी मेळवणी थांबवण्याबाबत

प्रति,
मा. शाळा-नोंद अधिकारी साहेब,
विभागीय कचेरी, भायखळा, मुंबई.

विषय : कु. राधा बुधाजी तांबे हिचा धर्म दरमहा बदलणे बंद होण्याबाबत.
संदर्भ : ‘चौकशी चालू आहे’ असे आपल्या कचेरीचे सहा कागद.

महोदय,

अर्जदार बुधाजी गुणाजी तांबे, राहणार परळ, गिरणीत रिंग खात्यात कामाला. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर त्याने सहकुटुंब बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती एकदा घेतली आणि पुरली. आपल्या कचेरीचे एकदा घेऊन भागत नाही.

१. राधाचे नाव दोन वह्यांत आहे, एक शाळेत, दुसरी आपल्याकडे. गेल्या मार्चमध्ये शाळेचे कारकून गंगाधरपंत यांनी दीक्षेचा दाखला पाहून शाळेच्या वहीत ‘हिंदू’ खोडून ‘बौद्ध’ केले. आपली वही होती तशीच राहिली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन्ही वह्यांची मेळवणी होते. शाळा आपली यादी कचेरीला पाठवते, कचेरी आपली यादी शाळेला, आणि जो तो समोरच्याचे खरे धरून स्वतःचे खोडतो. एवढी नम्रता अर्जदाराने साधुसंतांतही पाहिली नाही. त्यामुळे एप्रिलात राधा शाळेत हिंदू व कचेरीत बौद्ध झाली, मे महिन्यात उलट, आणि असे आजवर आठ वेळा झाले. दोन्ही याद्या एकाच पिशवीतून नेणारा शिपाई सीताराम चौथीपर्यंत शिकलेला आहे. त्याला हे दुसऱ्याच खेपेस कळले.

२. गंगाधरपंत वरून हुकूम आणा म्हणतात. आपले हेडक्लार्क म्हणतात, आधी मुंबई कोणत्या राज्यात ते ठरू द्या, मग तुमचा धर्म बघू. मुंबईसाठी अर्जदार मोर्चात चालतोच आहे, साहेबांनी ती काळजी करू नये. परंतु राधा अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला आहे. परीक्षेचा फॉर्म शाळेच्या वहीवरून ८ डिसेंबरला भरणार, आणि ६ डिसेंबरला पहिला शनिवार. त्या दिवशी अर्जदार दादरला अभिवादनाला उभा असेल आणि इकडे दोन कारकून त्याच्या मुलीला जुन्या जातीत परत ढकलतील. राधा म्हणाली, “बाबा, त्या फॉर्मवर जे लागेल ते मला जन्मभर दाखवत फिरावं लागेल.” म्हणून हा अर्ज.

३. गिरणीत पट्टा निसटला की आधी यंत्र बंद करतात, मग पट्टा चढवतात. चालत्या यंत्रात हात घालणाऱ्याची बोटे जातात. तरी ६ तारखेची मेळवणी थांबवावी, दोन्ही वह्या एका टेबलावर आणाव्यात आणि एकाच हाताने दोन्हींत ‘बौद्ध’ लिहावे. मग जानेवारीपासून खुशाल मेळवीत बसावे.

या अर्जाची एकच प्रत केली आहे. दोन केल्या असत्या तर त्यांचाही मेळ घालावा लागला असता.

सातव्या कागदाची नव्हे, दोन शब्दांची वाट पाहणारा,
बुधाजी गुणाजी तांबे
परळ, दि. १२ नोव्हेंबर १९५८

सोबत :
१. दीक्षेचा दाखला.
२. शाईचे पेन, भरलेले, दोन्ही वह्यांत लिहिण्यासाठी. पेन राधाचे आहे. मार्चपूर्वी परत मिळावे, परीक्षेला तिच्याकडे दुसरे नाही.