तापलेला विळा

डिंगोरे, २००६

सुदर्शन,

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेतलं.

पेठला माझा पाय बधिर पडला, तवा तुझी आई म्हणाली, डाग दिला की बरा व्हईल. तू मला चुलीपुढं पालथं पाडलंस, पाठीत गुडघा रोवलास आणि लालभडक विळा पोटरीवर दाबलास. कातडं जळाल्याचा वास घरभर सुटला, पण मी ओरडले नाय, कारण मला काय कळलंच नाय. तू म्हणालास, “बघ आये, सोंग करतीया.” मग केसाला धरून अंगणात ओढलंस आणि दम लागंपर्यंत लाथा घातल्यास.

भावानं मला पुण्याला नेलं. मणक्यात गाठ निघाली. डॉक्टरनं मागनं सांगितलं, ऑपरेशनच्या वेळी पायाला तारा लावल्या व्हत्या; करंट दिला की भुलीतबी पाय झटका द्यायचा. गाठ काढता काढता झटका मंदावला, तसा डॉक्टरनं हात थांबवला आणि नसेला चिकटलेला तुकडा आतच ठेवला. म्हणून पाय वाचला. त्यानं बेशुद्ध बाईच्या पायाचं ऐकलं. तू जागेपणी माझं ऐकलं नाय.

लई वर्षं भिंत धरून चालले, मग काठी धरून. काल भाकरी भाजताना निखारा उडून त्याच पोटरीवर पडला आणि मी किंचाळले. आई धावत आली, तर मी हसत व्हते.

हे पत्र टाकणार नाय. वाचून तू दाराला कडी घालशील. पेठ सोडताना उचललेला तुझा विळा माझ्यापाशी हाय आणि आता मी काठीबिगर चालते. पेठला येईन, तुझ्याच चुलीत तो तापवीन. तू लई ओरडशील, सुदर्शन.

मी म्हणंन, सोंग करतोय.

डिंगोऱ्याची वृषाली